पानं सुलटी होती

जुबेदा,

फिजिक्स कुठल्या कपाटात ठेवायचं, हा आपला वाद अर्धवटच राहिला. तू गेलीस त्याच्या दहा दिवस आधीच्या रविवारी, तुझ्या सानपाड्याच्या घरी, आपण शेवटचं भांडलो ते ह्याच्यावरूनच. "पुढच्या वेळी पुराव्यानिशी येते," असं मी दारात चपला घालता घालता म्हणाले. तू म्हणालीस, "ये. पण रिकाम्या हाताने येऊ नको, अळूवडी घेऊन ये."

आज तुला जाऊन नऊ दिवस झाले. लोक फोन करतात. वय काय होतं, नोकरी किती वर्षं झाली, आधी काही त्रास होता का, असं विचारतात. मी सांगते. ते सगळं कॉलेजने नोटीस बोर्डावर फोटोखाली लावलंयसुद्धा. मला तुझ्याशी बोलायचंय ते त्या कागदावर नाही. थोडं भांडण आहे, बरेचसे आभार आहेत, आणि एक गोष्ट आहे जी मी सहा वर्षं ओठांपर्यंत आणून परत गिळत राहिले.

बावीस वर्षं आपण एका इमारतीत होतो. मी दुसऱ्या मजल्यावर फिजिक्सच्या लॅबमध्ये, तू तळमजल्यावर लायब्ररीत. सुरुवातीला तर तू मला आवडायचीच नाहीस. मी एक संदर्भग्रंथ चार महिने घरी ठेवला, तर तू भर वर्गात शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवलीस, 'मॅडम, पुस्तकाला घरची आठवण येत असेल.' पहिल्या बाकावरच्या मुलींनी ती वाचली आणि हसल्या. मी तणतणत खाली आले, पुस्तक तुझ्या टेबलावर आपटलं. तू ते उघडून पानं नीट आहेत का बघितलंस आणि म्हणालीस, "बसा. चहा घेणार?" त्या चहानंतर आपण 'अहो-जाहो'वरून 'अगं-तुगं'वर कधी आलो ते मला आठवत नाही.

सहा वर्षांपूर्वी आलेला तो खोका मात्र चांगला आठवतो. सानपाड्यातलंच एक कुटुंब घर बदलून पुण्याला चाललं होतं आणि त्यांनी कॉलेजला तीन खोके पुस्तकं दिली होती. जुनी गाईडं, पाककृती, एक फाटका शब्दकोश, आणि त्यांच्यामध्ये एक लहानशी पेटी. आत अठ्ठ्याहत्तर चित्रांचे पत्ते आणि एक इंग्रजी पुस्तिका. तू ती पेटी घेऊन वर लॅबमध्ये आलीस.

"वसू, हे टॅरो. पुस्तक नाही, मासिक नाही, नकाशा नाही. रजिस्टरमध्ये कशात घालू?"

"कचऱ्यात," मी म्हणाले.

तुला माझे बाबा माहीत होते. गावोगाव जाऊन, नारळातून धूर कसा काढतात, जिभेवर कापूर कसा पेटवतात, ते लोकांना करून दाखवायचे आणि सांगायचे की ह्यात चमत्कार नाही. अशा घरात वाढलेल्या मला टॅरो म्हणजे इंग्रजी बोलणारा पोपटवाला. पोपट तेवढा नव्हता. तू हसलीस आणि पेटी ड्रॉवरमध्ये ठेवलीस. मला वाटलं, संपलं.

तुला मात्र काही दाखल करता आलं नाही की झोप लागायची नाही. आठवड्याभराने जेवणाच्या सुट्टीत तू डबे बाजूला सारून माझ्यासमोर चार पानं मांडलीस. काठी, पेला, तलवार, नाणं.

"तू सोसायटीत रमी खेळतेस ना? मग ही तुझ्या ओळखीचीच आहेत. बदाम म्हणजे हा पेला. इस्पिक ही तलवार. चौकट नाणं, किलवर काठी. आणि ऐक, मुळात हा खेळच होता. इटलीत लोक डाव मांडून बसायचे ह्याचा. भविष्य-बिविष्य लोकांनी मागाहून चिकटवलं. त्याच्याही आधी असले पत्ते इजिप्तकडून तिकडे गेले म्हणतात. व्यापाऱ्यांबरोबर. समुद्रावरून."

हे सांगताना तुझ्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की ते गलबत तुमच्या मुरुडच्याच बंदरातून सुटलं असावं.

मग तू पुस्तिकेतलं सांगितलंस. काठी म्हणजे आग, उमेद, काहीतरी उभं करायची खुमखुमी. पेला म्हणजे पाणी, मन, माया, नाती. तलवार म्हणजे वारा, विचार, तर्क, खरं बोलणं आणि त्याने होणारी जखम. नाणं म्हणजे माती, शरीर, घर, हाताचं काम. "ही तर माझी चार कपाटं झाली," तू म्हणालीस, आणि तिथेच पाठकोऱ्या कागदावर वाटणी सुरू केलीस. कायदा, गणित, तर्कशास्त्र, पत्रकारिता तलवारीत. साहित्य, संगीत, मानसशास्त्र, नर्सिंग पेल्यांत. कॉमर्स, शेती, भूगर्भशास्त्र, डॉक्टरी नाण्यांत. नाटक, खेळ, इंजिनियरिंग काठ्यांत.

"डॉक्टरी नाण्यांत कशी?"

"शरीर म्हणजे मातीच ना गं."

"आणि सर्जन? त्याच्या हातात तर सुरी असते."

तू विचारात पडलीस. दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून सांगितलंस, "सर्जन नाण्यांतच. सुरी त्याचं हत्यार आहे. तलवार म्हणजे स्वभाव." इतिहास बिचारा आठवडाभर टेबलावर पडून होता. पेल्यांत घातला तर इतिहासाचे सर चिडतील आणि तलवारीत घातला तर दंगल होईल, असं तुझं म्हणणं. शेवटी तू तो नाण्यांत ठेवलास, कारण तो खणून काढावा लागतो.

मी थट्टा करायचे, पण जेवणाच्या सुट्टीची वाट बघायला लागले होते हेही खरं. दहा काठ्यांचा भारा उचलून वाकलेला माणूस तू मला दाखवलास आणि म्हणालीस, "इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष." एका पानावर एक पोरगा हातात पेला धरून उभा आहे आणि पेल्यातून मासा डोकं काढून त्याच्याकडे बघतोय. ते तुझं सगळ्यात लाडकं. "हा बघ, ह्याने पाणी प्यायला पेला उचलला आणि आतून कोणीतरी बोललं. पुस्तक वाचताना असंच होतं ना?" आणि फिजिक्सवर आपलं कधी जमलंच नाही. मी म्हणायचे तलवार, डोळे झाकून तलवार. तू म्हणायचीस, "फिजिक्स जाऊ दे तलवारीत. तू पेल्यांत."

"माणसांचं वर्गीकरण करता येत नाही, जुबेदा."

"येतं. मी काउंटरवर बसून रोज करते."

त्याच उन्हाळ्यात, बारावीच्या निकालानंतर, मुलं तुझ्याकडे यायला लागली. तशी ती आधीही यायची. कुठे फॉर्म भरू, काय घेऊ, घरचे म्हणतात कॉम्प्युटर, मित्र म्हणतो बीबीए. तू त्यांना कॉलेजांची माहितीपत्रकं द्यायचीस. आता माहितीपत्रकांच्या आधी तू पेटी काढायला लागलीस. कोपऱ्यातल्या गोल टेबलावर, खिडकीजवळ. मला कळलं तेव्हा मी खरंच चिडले. "हे तू काय चालवलंयस?" तू म्हणालीस, "एकदा येऊन बस ना. बघ तरी." दोनदा म्हणालीस, तीनदा म्हणालीस. मी म्हणाले, मला जर्नल तपासायची आहेत.

आणि मग अंकिता.

ती दिघ्याहून यायची. वडील तिकडच्याच एका कारखान्यात मशीनवर. अशी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत एकदाच मिळाली. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला घरी जाऊन वाचून यावं लागायचं. मी तिचं सगळं ठरवून टाकलं होतं. आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग पुढे संशोधन. तिच्या वडिलांनीही ठरवलं होतं, इंजिनियरिंग. तिला कुणीच विचारलं नव्हतं, हे आज लिहिताना दिसतंय. बारावीला ती कॉलेजात पहिली आली, एक दिवस तुझ्या गोल टेबलाशी बसली, आणि पंधरा दिवसांनी कळलं की तिने मानसशास्त्रासाठी बी.ए.ला प्रवेश घेतला.

तिचे वडील थेट प्राचार्यांकडे गेले. मला तिथे बोलावून घेतलं. भला माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. "साहेब, पोरगी इंजिनियर व्हायची. तुमच्या लायब्ररीतल्या बाईनं पत्ते काढून तिला बी.ए.ला घातली. आमच्या घरात पत्त्याला हात लावत न्हाय कुनी."

प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञान विभागाच्या प्रमुख. तुमचं मत लेखी द्या, म्हणजे विषय मिटेल."

मी अर्ध्या तासात एक पान लिहून दिलं. ते मला अजून पाठ आहे. 'ग्रंथालयात विद्यार्थ्यांना पत्ते ओढायला लावून त्यावरून त्यांना अभ्यासक्रम सुचवले जातात असे समजते. ह्या पद्धतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी चाललेला हा खेळ तातडीने थांबवावा.' खाली सही. 'असे समजते' हे दोन शब्द मी लिहिले आणि मला काही वाटलं नाही. मी अंधश्रद्धेविरुद्ध लिहितेय, बाबा असते तर पाठ थोपटली असती, असं मनाला सांगत होते. खरं कारण दुसरंच होतं. ती मुलगी मला हवी होती. तुझ्या टेबलावरून ती पेल्यांच्या कपाटात गेली, ह्याचा मला राग आला होता.

प्राचार्यांनी ते पत्र तुला वाचायला दिलं आणि पोच घेतली. त्याच दुपारी तू डबा घेऊन लॅबमध्ये आलीस. मी उभीच राहिले. तू स्टुलावर बसलीस, डबा उघडलास.

"पत्र चांगलं लिहिलंयस, वसू. शुद्धलेखनाची एक चूक नाही." मग डब्याचं झाकण बाजूला ठेवत, "फक्त एकदा येऊन बसली असतीस."

तू माझ्या ताटलीत सांदण वाढलंस आणि तुझ्या भाचीच्या परीक्षेचं सांगायला लागलीस. पेटी तू घरी नेलीस. त्या विषयावर तू पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाहीस, मीही नाही. सहा वर्षं. तुझा हा चांगुलपणा मला कधी कधी असह्य व्हायचा, जुबेदा. तू भांडली असतीस तर मीही भांडले असते, आणि भांडणात कुठेतरी 'चुकलं माझं' हे तोंडून निघून गेलं असतं. तू मला ती संधीच दिली नाहीस. बघ, अजूनही दोष तुलाच देतेय.

आता त्या रविवारचं. माझ्याकडे फिजिक्सची एकच तुकडी राहणार आणि उरलेल्या वेळात परीक्षा विभाग सांभाळायचा, असं मला शुक्रवारी कळलं होतं. मुलं सगळी क्लासला जातात, कॉलेजात फक्त नावाला येतात, तुकडी ठेवून करायचं काय, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. चुकीचंही नव्हतं. मी घरात कुणाशी बोलले नाही आणि रविवारी दुपारी तुझ्याकडे आले. तू माझं तोंड बघितलंस आणि आत जाऊन पेटी घेऊन आलीस.

"आता तू इथे पाहुणी आहेस. इथे प्राचार्य नाहीत. बस."

जेवणाच्या टेबलावर तू पानं पसरायला लागलीस. एकेक, सावकाश, रांगेत. सगळी सुलटी. चित्रं वर. मी बघत राहिले.

"उलटी नाही ठेवत?"

"उलटी ठेवून काय करू? उद्याचं अल्लाला माहीत. त्यात नाक खुपसायला आमच्यात मनाई आहे, आणि मला गरजही नाही. समोरच्याचं आजचं कळलं तरी बास. सगळी चित्रं बघायची आणि जे नजर सोडत नाही ते उचलायचं. मग गप्पा."

"मुलांसमोरही अशीच मांडायचीस?"

"अशीच. पहिल्या दिवसापासून."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, पानांच्या रांगा सरळ करत होतीस. मी गेली तीस वर्षं प्रयोग न करता तक्त्यात आकडे भरणाऱ्या पोरांची जर्नल परत करते. तारेची जाडी मोजली नाहीस तर लिहिलीस कशी, म्हणून विचारते. आणि मीच त्या टेबलाशी एकदाही न बसता तुझ्याबद्दल एक पान लिहिलं होतं.

माझी नजर ज्यावरून हलेना ते पान मी उचललं. काळा झगा पांघरलेला माणूस, मान खाली, समोर तीन पेले उपडे पडलेले. मागे दोन पेले उभे आहेत, पण त्याची पाठ तिकडे.

तू अर्थ सांगितला नाहीस. विचारलंस, "हा काय बघतोय?"

"सांडलेलं."

"काय सांडलंय?"

आणि मी बोलायला लागले. तासभर बोलले असेन. मला वाटत होतं मी फिजिक्ससाठी रडतेय. बोलता बोलता लक्षात आलं, सूत्रांचं मला काही नाही, ती पुस्तकात आहेतच. मला चेहरे हवे होते. काही मुलांच्या चेहऱ्यावर, 'अच्छा, असं आहे होय,' हे उमटतं, ते क्षण माझ्याकडून जाणार होते. तू मध्ये एकदाही बोलली नाहीस, फक्त पंखा कमी केलास. शेवटी म्हणालीस, "म्हणजे मी तुला पेल्यांत ठेवलं ते बरोबरच."

"अजिबात नाही," मी नाक पुसत म्हणाले, आणि आपण दोघी हसलो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललेही. "जुबेदा, ते पत्र..." एवढं म्हणाले आणि बेल वाजली. दिवाळे गावातली तुझी नेहमीची मासेवाली. दारातूनच तिचा आवाज, "हलवा आनलाय गो, ताजा हाय. कल्ला बघ, कसा लाल हाय!" तू उठलीस. "आणि परवाचे बोंबील? ते कुठल्या समुद्रातले होते?" दहा मिनिटं तुमची खडाजंगी चालली. मी आत बसून ऐकत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. तू परत आलीस, हात धुतलेस, पदराला पुसलेस.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही," मी म्हणाले. "फिजिक्स तलवारीतच."

मग आपण भांडलो, मी चपला घातल्या आणि निघाले.

दहा दिवसांनी, बुधवारी, तू पित्त झालंय म्हणून लायब्ररीतून लवकर घरी गेलीस. संध्याकाळी शबानावहिनींचा, तुझ्या भावजयीचा, फोन आला. "वसुधाताई, आपा गेली." मी विचारलं, कुठे? खरंच विचारलं गं. त्या काही बोलल्या नाहीत तेव्हा कळलं.

मी आले तेव्हा तुझ्या घरात बायका खाली चादरीवर बसल्या होत्या. मी पदर डोक्यावर घेतला, कुणी सांगितलं नव्हतं. काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी नुसती बसले. वहिनींनी माझा हात धरून ठेवला. तुझे भाईजान आणि बाकीचे तुला घेऊन निघाले तेव्हा मी गॅलरीतून खाली बघितलं. सगळे इतक्या वेगाने, इतक्या शांतपणे चालत होते, खांदा बदलत, की कोपऱ्यावरून तू दिसेनाशी झालीस तेव्हा मला वाटलं, जरा थांबा, माझं बोलणं राहिलंय.

काल कॉलेजात शोकसभा झाली, तुझ्याच लायब्ररीत. वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. प्राचार्य बोलले. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. मग माझं नाव घेतलं. मी भाषण लिहून नेलं होतं, पुस्तकाच्या त्या चिठ्ठीचा किस्सा वगैरे. किस्सा सांगितला, लोक हसले. मग कागद घडी करून ठेवला.

"सहा वर्षांपूर्वी," मी म्हणाले, "जुबेदाबाईंच्या विरोधात एक पत्र लिहिलं गेलं. ते मी लिहिलं होतं. जुबेदाबाई पत्ते ओढायला लावून मुलांना अभ्यासक्रम सुचवतात, असं मी त्यात म्हटलं. त्या भविष्य सांगत नव्हत्या. त्या मुलांसमोर चित्रं ठेवायच्या, सगळी सुलटी, आणि त्यांना बोलू द्यायच्या. हे मला माहीत नव्हतं, कारण मी जाऊन बघितलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली नाही. ती आज मागते, आणि ते पत्र मागे घेते."

मी खाली बसले. नंतर प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ह्याची काही गरज नव्हती. कोणाच्या लक्षातही नसेल आता."

"माझ्या होतं, सर," मी म्हणाले.

लोक पांगले. मागच्या दाराशी एक तरुण मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, केस बांधलेले. मी ओळखलं नाही. जवळ आली तेव्हा ओळखलं.

"मॅडम, मी अंकिता."

तिचं एम.ए. झालंय, जुबेदा. ऐरोलीच्या एका शाळेत मुलांशी बोलायचं काम करते. म्हणजे हे तुला माहीतच असणार. ती तुला दर ईदला भेटायला यायची, हे तिने सांगितलं, आणि तू मला कधी सांगितलं नाहीस. माझी जखम उघडी पडू नये म्हणून, की तुझी, कोण जाणे.

आम्ही दोघी खिडकीजवळच्या खुर्च्यांवर बसलो.

"मॅडम, मी त्या दिवशी उचललेलं पान पेल्यांचं नव्हतं," ती म्हणाली. "तलवारीचं होतं. आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या, मध्ये एक बाई. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर. जुबेदा मॅडमनी विचारलं, ह्या चित्रात तू कुठे आहेस? मी त्या बाईवर बोट ठेवलं. मग त्या म्हणाल्या, तिचे पाय बघ जरा. मी बघितले. पाय मोकळे होते. तिथे मला रडू आलं. बी.ए.चं नाव त्यांनी काढलंच नाही. ते मी काढलं."

मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"त्या म्हणाल्या, आधी वसुधा मॅडमना जाऊन सांग. त्या रागावतील. पण ऐकतील."

"असं म्हणाली?"

"हो. अगदी असंच."

"मग का नाही आलीस?"

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "आले होते, मॅडम. लॅबच्या दारापर्यंत. तुम्ही आत कोणावर तरी ओरडत होतात. मी परत गेले."

मागे शिपाई खुर्च्या उचलत होता. मी त्याला खुणेने थांबवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू माझ्याकडून एक मुलगी घेतलीस. तू तर तिला माझ्याकडेच पाठवली होतीस.

"आता सांग," मी म्हणाले.

आणि तिने सांगितलं. धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा ती अकरावीत होती. त्यानंतर आई दीड वर्ष जवळपास बोललीच नाही. स्वयंपाक करायची, धुणी धुवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. घरात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं, वडील म्हणायचे, होईल बरी. ही मुलगी माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती, अवघड प्रश्न विचारत होती, आणि मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "फिजिक्स मला आवडायचं, मॅडम. खोटं नाही बोलत. पण आईला काय झालंय ते मला आधी कळायला हवं होतं."

"आई कशी आहे?"

"बोलते आता. थोडं. बाबांना रागावते सुद्धा." ती हसली. "आणि बाबा चाळीत सगळ्यांना सांगतात, आमची पोरगी डॉक्टरच हाय, फक्त सुई देत न्हाय."

ती बराच वेळ बोलली. मध्ये पाणी प्यायली, पुन्हा बोलली. शिपाई दाराशी येऊन दोनदा परत गेला. जुबेदा, तू तिला सांगितलं होतंस ना, त्या रागावतील, पण ऐकतील. मी ऐकलं, शेवटपर्यंत. रागवायचं तेवढं राहून गेलं.